वैयक्तिक कारणास्तव

राजीनाम्याच्या पत्रात कारण नेहमी एकच असतं : ‘वैयक्तिक कारणास्तव’. निराधार आणि संकटात सापडलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या संस्थेत मी समन्वयक आहे. माणसं निवडायची, त्यांना कामात मुरवायचं आणि निरोप द्यायचा, ही माझी तीन कामं. त्यातलं तिसरं इतकं वारंवार होतं, की मी सामोशांची ऑर्डर द्यायला खाली उतरले की हॉटेलवाला काउंटरवरूनच विचारतो, “मॅडम, या वेळी कोण चाललं?”

बाहेरच्या माणसांकडे याचं उत्तर तयार असतं. लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक म्हणतात, “रोज एवढं दुःख बघायचं म्हणजे काय साधी गोष्ट आहे? माणूस टिकणार तरी किती?” यात सहानुभूती आहे, म्हणून मी मान डोलावते. पण ते खरं नाही. मुलांचं दुःख सोसेना म्हणून काम सोडून गेलेली माणसं माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत. बाकीचे ज्या कारणांनी गेले, ती इतकी साधी आणि रोजची आहेत, की ती पत्रात लिहायची त्यांना लाज वाटली असावी. खोलीचं भाडं. दर वर्षी नव्याने होणारा करार. चार महिन्यांपासून अडकलेलं प्रवासाचं बिल. आणि कामाबद्दल धड कधी कुणी विचारलंच नाही, हे.

आधी हे काम नेमकं काय असतं ते सांगते. कारण चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणारे ‘युवा समाजसेवक’ आणि आमची माणसं यांची लोकांच्या मनात कायम गल्लत होते. आमच्याकडे येणारी मुलं-मुली एमएसडब्ल्यू झालेली असतात, म्हणजे समाजकार्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. देशात हे शिक्षण सुरू झालं ते आपल्या मुंबईत, १९३६ साली, नागपाड्यात. सर दोराबजी टाटांच्या नावाने निघालेल्या त्या शाळेचीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ पासून आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून हेच शिकवत आल्या आहेत. म्हणजे हा पेशा महाराष्ट्रात जवळपास नव्वद वर्षांचा आहे. तरीही मुलाखतीला आलेल्या मुलीचे वडील बाहेरच्या बाकावर बसून मला विचारतात, “यात पगार असतो ना, मॅडम?”

आता एक दिवस बघा. रेल्वे पोलिसांचा फोन येतो, फलाटावर एक मुलगा सापडलाय. बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. त्याआधी वैद्यकीय तपासणी, पोलिसांची नोंद, त्याच्या पोटात काही घालणं, आणि जमलंच तर त्याच्याशी दोन शब्द बोलणं. समिती त्याला तात्पुरतं बालगृहात ठेवते आणि आमच्या कार्यकर्तीला सांगते, घरची चौकशी करून या. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी आणि समितीने चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश द्यावा, अशी २०१५ च्या कायद्याची अपेक्षा आहे. त्या अहवालाला छापील नमुना आहे, आदर्श नियमांतला नमुना २२. आम्ही त्याला नुसतं एसआयआर म्हणतो.

त्या नमुन्यात रकाने पुष्कळ आहेत. कुटुंबात कोण कोण, घर कसलं, उत्पन्न किती, मुलाच्या सवयी, शाळा का सुटली, घर का सोडलं. ते भरण्यासाठी काय करावं लागतं, याला मात्र रकाना नाही. मी मूळची पाथर्डीची, तेव्हा तिकडचंच सांगते. पहाटेची एसटी पकडून कार्यकर्ती वस्तीवर पोचते तर दाराला कुलूप. आईबाप ऊसतोडीला गेलेले, बहुतेक कोल्हापूरकडे, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकात. घरी फक्त म्हातारी, तिला ऐकू कमी येतं. शेजारीण बोलायला तयार असते, पण सासूसमोर नाही. शाळेतले गुरुजी हजेरीपुस्तक काढतात आणि त्यातून कळतं, की मुलगा दर दिवाळीनंतर गायब होतो. मुकादमाचा नंबर मिळवायचा, बापाला फोन लावायचा, तो फोनवर आधी शिव्या देणार आणि मग रडणार. परतीची शेवटची गाडी चुकली तर मुक्काम कुठे, हे तिचं तिने बघायचं.

आणि हे सगळं करताना ती मुलगी खूश असते. मी हे ठामपणे सांगते, कारण अशा दिवसानंतर ऑफिसात शिरताना तिचा चेहरा मी पाहिलेला आहे. पंचविशीच्या आतबाहेरची ती पोरगी आणि तिच्या चार पानांच्या अहवालावर ठरणार, की ते मूल घरी जाईल, मामाकडे जाईल की बालगृहात राहील. एवढ्या वयात एवढं वजनदार काम दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळतं? तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी बँकेत क्रेडिट कार्डं विकत असतात.

मग ती वर्ष-दीड वर्षात जाते कशी? जिचा कामावर इतका जीव, तिने काम सोडावं, याचा उलगडा मला बरीच वर्षं होत नव्हता. तो झाला एका जुन्या अमेरिकी पुस्तकातून. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं होतं, की नोकरीत तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. १९५९ मध्ये त्यावरचं पुस्तक निघालं. बरं वाटल्याचे प्रसंग कामाबद्दलचे होते : काहीतरी तडीस नेलं, कुणीतरी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. वाईट वाटल्याचे प्रसंग भलतीकडचे : कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगार, नोकरीची शाश्वती. म्हणजे समाधान आणि असमाधान ही एकाच काट्याची दोन टोकं नव्हेत. माणूस एकाच वेळी कामावर खूश आणि नोकरीवर नाराज असू शकतो. हर्झबर्गच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्तही असेल. पण आमच्या ऑफिसातल्या कपाटात जी राजीनाम्यांची फाइल आहे, तिला त्याचं म्हणणं चपखल लागू पडतं.

आता नोकरीकडे वळू. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एक बाल संरक्षण कक्ष आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्ह्यामागे दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन क्षेत्रीय कार्यकर्ते धरले आहेत. मानधन ठरलंय ते असं : सामाजिक कार्यकर्त्याला महिना १८,५३६ रुपये, क्षेत्रीय कार्यकर्त्याला १०,५९२. माझ्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडी अजून नगरच येतं. क्षेत्रफळाने हा राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडा जास्त. तालुके चौदा, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या वर. नगरहून अकोल्याला जायचं तर शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि जामखेड बरोबर उलट्या दिशेला. या पसाऱ्यात दोन सामाजिक कार्यकर्ते. त्यांच्याकडे फक्त हरवलेली-सापडलेली मुलं असतात असंही नाही. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांना राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळतात. त्या प्रत्येक अर्जामागे गृहभेट आणि अहवाल असतो. शिवाय बालविवाह थांबवायला जायचं ते वेगळंच, आणि तिथे पाहुण्यारावळ्यांच्या शिव्या खायच्या त्या वेगळ्या.

संस्थांमधली परिस्थिती याहून बरी आहे असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. आमच्याकडेही पगाराचा आकडा याच्याच आगेमागे असतो, कारण देणगीदार बाजारभाव म्हणून सरकारी मानधनाकडे बोट दाखवतो. ‘सरकार एवढंच देतं, मग तुम्ही जास्त का?’ या प्रश्नाला उत्तर देता देता माझे केस पांढरे झाले.

पण पैशाइतकीच, माझ्या मते पैशाहून थोडी जास्तच, माणसं पोखरते ती कंत्राटाची पद्धत. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग नवा आदेश. प्रकल्प असेल तर तो संपेपर्यंत. असल्या कागदावर बँक कर्ज देत नाही. २०२५ पर्यंत सलग पाच वर्षं भरल्याशिवाय ग्रॅच्युइटीचा हक्क लागू होत नव्हता, आणि खंड कशासाठी असायचा हे लहान मुलालाही कळेल. आमच्यातल्या मुलग्यांची लग्नं जमताना काय होतं ते मी जवळून पाहिलंय. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीचा मामा विचारतो, “परमनंट का?” मुलगा सांगायला लागतो, की संस्था पंचवीस वर्षं जुनी आहे, काम फार चांगलं आहे. मामा पुन्हा विचारतो, “ते झालं. परमनंट का?” एकदा तर मुलीकडच्यांनी खात्री करायला मलाच फोन केला होता. मी खरं ते सांगितलं. सोयरीक मोडली आणि सहा महिन्यांनी तो मुलगाही गेला, तलाठ्याच्या परीक्षेच्या तयारीला. पत्रात लिहिलं, वैयक्तिक कारणास्तव.

टेबलाच्या खणात स्पर्धा परीक्षेचं पुस्तक नाही असा तरुण कार्यकर्ता आमच्याकडे अभावानेच सापडतो. मी त्यांना रागावत नाही. गेल्या दहा-अकरा वर्षांत आणखी एक दार उघडलं. कंपनी कायद्यातलं सीएसआरचं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. पैसा आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो पैसा खर्च करायला आणि त्याचे अहवाल करायला कंपन्यांना माणसं लागली, आणि ती त्यांनी आमच्यातूनच उचलली. ज्या मुलीला वस्तीत तीन वर्षं फिरून आईबापांशी कसं बोलायचं हे कळलं होतं, ती आता एअर कंडिशन केबिनमध्ये बसून आमच्याकडून दर तिमाहीला फोटो मागते. चांगले फोटो, हसऱ्या मुलांचे. (मुलांचे चेहरे दाखवता येत नाहीत, कायद्याने मनाई आहे, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी वरून दबाव येतो तेव्हा विचारावं लागतं बिचारीला.)

आता त्या कारणाकडे येते जे कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. समाजकार्याच्या कॉलेजात दोन वर्षं प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून ठरलेले दिवस फिल्डवर्क असतं आणि त्यावर आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) असते. म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसतात. विद्यार्थ्याने आठवड्याचा अहवाल लिहिलेला असतो, शिक्षकाने तो वाचलेला असतो. तू त्या बाईला हा प्रश्न का विचारलास, ती गप्प बसली तेव्हा तुला काय वाटलं, तुला राग आला का, आला तर कुणाचा, असं सगळं उकरून काढलं जातं. गटाची असते ती जीसी. विद्यार्थी कुरकुर करतात, रात्री जागून अहवाल लिहितात. पण आपण पाहिलेलं कुणीतरी नीट ऐकून घेतं याची त्यांना सवय लागते. शिकत असताना, प्रश्न तुलनेने सोपे असताना, हे सगळं मिळतं. मग नोकरी लागते, पहिल्याच महिन्यात बलात्कार झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीची केस हातात येते, आणि त्या दिवसापासून आयसी बंद. आता सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारलं जातं ते एवढंच : किती भेटी झाल्या, एमआयएस (कामाच्या नोंदींचे तक्ते) भरलं का, व्हाउचर कुठे आहेत?

दुःखाचा मुद्दा येतो तो इथे. दुःख बघून माणूस मोडत नाही असं माझं म्हणणं नाही. ते बोलायला जागा नसली की मोडतो. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ‘बर्नआउट’वर लेख लिहिला तो कुठल्या शेअर दलालांवर नव्हता. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो स्वतः राबत होता आणि तिथली उत्साही तरुण माणसं वर्षभरात कशी विझतात हे पाहत होता. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये हे मोजायची प्रश्नावली केली, तीत तीन गोष्टी धरल्या : भावनेने रिकामं होणं, समोरच्याकडे माणूस म्हणून बघणं सुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण मी ऑफिसात कानांनी टिपते. ज्या दिवशी कार्यकर्ती मुलीचं नाव घेणं सोडून “ती पॉक्सोवाली” म्हणायला लागते, त्या दिवशी मला कळतं, की हिला आता बसवून बोलतं करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद घेताना तो आजार नसून कामाच्या ठिकाणाशी निगडित स्थिती असल्याचं म्हटलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दोष माणसाच्या काळजाचा नाही, कामाच्या जागेचा आहे. आणि उपाय म्हणून आपण काय करतो? एका रविवारी ध्यानधारणेची कार्यशाळा. तीही सुट्टीच्या दिवशी!

खरा उपाय म्हणजे नोकरीतही आयसी घेणारा पर्यवेक्षक. पण ‘पर्यवेक्षक नेमा’ म्हटलं की पैसे कुठून आणायचे हा प्रश्न येतोच. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. व्यवस्थापनासाठी नेमलेल्या माणसांचे पगार याच खात्यात मोडतात. देशी देणगीदारांची नजरही तशीच. वह्या, दप्तरं, सायकली यांना पैसे मिळतात. दप्तर कुणी वापरतंय का हे बघायला जाणाऱ्या ताईचं भाडं मात्र ‘ओव्हरहेड’, आणि तिचं ऐकून घेणाऱ्या माझ्यासारखीचा पगार म्हणजे तर निव्वळ चैन.

एवढं होऊन माणूस जातो, त्याचं त्याला काही ना काही मिळतं. मागे राहतं ते मूल. अमेरिकेतल्या मिलवॉकी काउंटीत बालसंरक्षणाच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या गळतीचा अभ्यास करून घेतला होता, त्याचा अहवाल २००५ चा आहे. २००३ पासून सप्टेंबर २००४ पर्यंतची मुलं त्यात पाहिली होती. ज्या मुलांची केस एकाच कार्यकर्त्याकडे राहिली, त्यांच्यातल्या ७४.५ टक्के मुलांना कायमचं घर मिळालं, स्वतःचं किंवा दत्तक. दोन कार्यकर्ते झाले तिथे हे प्रमाण १७.५ टक्क्यांवर घसरलं. आकडा भयंकर आहे, पण तो जसाच्या तसा गिळू नये. जी केस मुळात गुंतागुंतीची असते ती लांबते, आणि लांबली की कार्यकर्ते बदलणारच. तेव्हा सगळं खापर बदलीवर फोडता येणार नाही. तरीही अर्ध्याने सूट दिली, तरी उरतो तो फरक पोटात गोळा आणणारा आहे.

आकड्यांपेक्षा मला एक मुलगा जास्त आठवतो. बारा-तेरा वर्षांचा. त्याने त्याची हकिकत पोलिसांना सांगितली होती, समितीला सांगितली होती, आमच्या पहिल्या ताईला, मग तिच्या जागी आलेल्या दादाला. तिसरी कार्यकर्ती आली आणि वही उघडून म्हणाली, “सांग बाळा, काय झालं होतं?” त्याने उशीच्या अभ्र्यातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. सगळं लिहून ठेवलं होतं त्याने, तारखांसकट. म्हणाला, “वाचून घ्या. परत द्या मात्र, पुढच्या ताईला लागेल.” एकदा बोलून झालेलं मूल पुन्हा बोलतं, तेव्हा ते कोरडं होऊन बोलतं. मामाकडे त्याला का जायचं नाही हे त्याने पहिल्या ताईला सांगितलेलं होतं. त्या कागदात ते नव्हतं. फाइलमध्येही नव्हतं, कारण नमुन्यात त्याला रकाना नाही आणि जाताना तिच्याकडून एका दुपारीत फक्त फायलींची यादी घेतली गेली होती.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. जाणाऱ्याने नवीन माणसाला सोबत घेऊन प्रत्येक मुलाला भेटायचं, मुलासमोर सांगायचं की मी जातेय, आता ही ताई येईल, हिला मी हे हे सांगितलंय, हे सांगू का तूच ठरव. यासाठी दोघांचा पगार एकाच वेळी द्यावा लागतो, साधारण महिनाभर. हिशेबनीस दर वेळी भुवया उंचावतात. दुसरं म्हणजे पंधरा दिवसांनी प्रत्येकाबरोबर तासभर आयसी, आणि त्या तासात एमआयएसचं नाव काढायचं नाही. यामुळे गळती थांबली असा दावा मी करणार नाही. अठरा हजारांत संसार होत नाही, तो आयसीनेही होत नाही. पण माणसं आता जाताना खरं कारण सांगून जातात, आणि काही जण वर्षभर उशिरा जातात. मुलाच्या बाजूने पाहिलं तर एक वर्ष ही थोडी गोष्ट नाही.

इंग्लंडमध्येही माणसं टिकत नाहीत. तिथल्या स्थानिक प्रशासनांत मुलांसाठी काम करणाऱ्या ५,४०० सामाजिक कार्यकर्त्यांनी सप्टेंबर २०२२ ला संपलेल्या वर्षात नोकरी सोडली, शंभरामागे सतरा जणांनी. एका कार्यकर्त्याकडे तेव्हा सरासरी साडेसोळा केसेस होत्या, आणि त्याही जास्त आहेत म्हणून तिथे ओरड होते. मला हेवा वाटतो तो त्यांच्या मोजण्याचा. सरकारचा शिक्षण विभाग दर वर्षी हे आकडे छापतो : किती आले, किती गेले, किती जागा रिकाम्या. आपल्याकडे बालगृहातल्या मुलांची गणती होते, ताटांची होते, गाद्यांची होते. दर वर्षी किती ताया आणि दादा निघून गेले, याचं एक साधं कोष्टक कुठल्याही जिल्ह्याच्या अहवालात जोडायला काय हरकत आहे?

कधी कधी तर माणूस जात नाही, कामच त्याच्या पायाखालून काढून घेतलं जातं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि देशभर स्वयंसेवी संस्थांनी ती चालवली. २०२३ मध्ये ती सरकारी यंत्रणेकडे गेली आणि ११२ या क्रमांकाशी जोडली गेली. बदल चूक होता की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. पण स्टेशनावरचा कुठला हमाल खबर देतो, कुठली चहावाली रडणारं पोर बसवून ठेवते, ही ओळख वर्षानुवर्षं जमवलेली माणसं त्या बदलात कामाबाहेर पडली. ती ओळख कुठल्याही फाइलमधून हस्तांतरित होत नाही.

आणि थोडं आपल्या सगळ्यांबद्दल. महाराष्ट्राने समाजकार्याची कल्पना केली ती आनंदवन आणि हेमलकसा पाहून. बाबा आमटे, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, अभय आणि राणी बंग ही आपली मोठी माणसं, आणि मोठी आहेतच, त्यात शंका नाही. पण त्यांच्यामुळे आपल्या मनात एक माप बसलंय, की हे काम करणाऱ्याने आयुष्य वाहून टाकलेलं असावं. महिन्याच्या एक तारखेची वाट पाहणारी, पीएफ कापला का विचारणारी, बाळंतपणाची रजा मागणारी कार्यकर्ती त्या मापात बसत नाही. तिने पगार वाढवून मागितला की संस्थाचालकही दुखावतात : “आम्ही काय पैशांसाठी आलो होतो का या कामात?” नसाल आला. पण एका जिल्ह्यातल्या चौदा तालुक्यांना पुरतील इतके बाबा आमटे कुठून आणणार? तिथे नोकरी म्हणून, नीट शिकून, नीट पगार घेऊन काम करणारी माणसंच लागतील, आणि ती पाच-सात वर्षं एका जागी राहावी लागतील.

वाचकांपैकी बरेच जण वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ, आयकराच्या मोसमात संस्थांना देणगी देतात. पुढच्या वेळी द्याल तेव्हा संस्थेला दोन प्रश्न विचारा : तुमच्याकडचे कार्यकर्ते किती वर्षं टिकतात, आणि त्यांना महिना किती रुपये मिळतात? उत्तर द्यायला संस्था अवघडली तरी चालेल, अवघडू द्या. मग चेकसोबत एक चिठ्ठी जोडा आणि तिच्यावर स्वच्छ लिहा, की ही रक्कम कार्यकर्त्यांच्या पगारासाठी आणि प्रवासासाठी वापरावी. दप्तरं देणारे पुष्कळ आहेत.